लाईट जाऊन आली की 'नो सिग्नल': एडिडची तक्रार कशी ओळखायची आणि कायमची कशी मिटवायची

तक्रारीची चाल ठरलेली असते. सकाळी सगळं एक नंबर चालू असतं. दुपारी लाईट जाते, जनरेटर सुरू होतो, आणि मग स्क्रीनवर एक तर 'नो सिग्नल', नाही तर चित्र येतं पण फुगलेलं, धुरकट, कडा कापलेलं. कधी चित्र झकास आणि आवाज गायब. कोणीतरी स्टुलावर चढून एचडीएमआयची वायर काढून परत खोचतं आणि गाडी रुळावर येते. पुढच्या खेपेला लाईट गेली की पहिले पाढे पंचावन्न.

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, इकडे उचगाव-काकती, कुठंही जा. मंगल कार्यालयं, शाळांचे स्मार्ट क्लास, सोसायट्यांची ऑफिसं, सगळीकडे हीच रड. खर्चाचा क्रमही सगळीकडे तोच: आधी वायर बदलतात, मग स्प्लिटर (एकच सिग्नल अनेक पडद्यांना वाटणारा डबा), शेवटी टीव्हीवर येतात. माझं म्हणणं एवढंच की खिशात हात घालायच्या आधी एक प्रश्न विचारा. लाईट आली त्या क्षणी स्क्रीनचं एडिड, म्हणजे स्क्रीननं स्वतःबद्दल द्यायची माहिती, वाचलं कोणी, आणि ते द्यायला स्क्रीन तेव्हा जागी होती का? दहातल्या बऱ्याच तक्रारी या प्रश्नाशीच संपतात.

एडिड म्हणजे काय, कामापुरतं

टीव्ही, मॉनिटर, प्रोजेक्टर, प्रत्येकाच्या पोटात स्वतःची माहिती लिहिलेली असते. कंपनीची तीन अक्षरी खूण, मॉडेल क्रमांक, बनवल्याचं वर्ष, पडद्याची रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, कोणकोणती रिझोल्युशन चालतात आणि त्यातलं पहिल्या पसंतीचं कोणतं. याचं पूर्ण नाव 'एक्स्टेंडेड डिस्प्ले आयडेंटिफिकेशन डेटा', बोलताना एडिड. व्हेसा या संस्थेनं १९९४ मध्ये ही पद्धत ठरवून दिली. मूळ ठोकळा फक्त १२८ बाइटचा. एचडीएमआयच्या टीव्हीत त्याला १२८ बाइटची पुरवणी जोडलेली असते. आवाजाचे प्रकार, टीव्हीची रिझोल्युशन, आणि 'मी एचडीएमआय आहे, नुसता डीव्हीआय (साधारण चित्रापुरती जुनी जोडणी) नाही' ही खूण त्या पुरवणीत असते. ती पुरवणी वाचायची राहिली की लॅपटॉप समोरच्याला साधा डीव्हीआय मॉनिटर समजतो आणि आवाज पाठवतच नाही. चित्र आहे, आवाज नाही, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. स्पीकर उघडून बसण्यात अर्थ नाही.

आता वायरीकडे या. एचडीएमआयला १९ पिना. चित्र तारांच्या ज्या जोड्यांतून जातं त्या वेगळ्या, आणि एडिडची ही बोलणी चालतात १५ आणि १६ नंबरच्या पिनांवर. १८ नंबरवर लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स स्वतःहून ५ व्होल्ट पाठवतो. ते पोहोचले की स्क्रीन १९ नंबरची पिन वर उचलते, म्हणजे 'मी आहे, वाचा.' मग समोरचा एडिड वाचतो. वेग अगदी संथ, १०० किलोहर्ट्झ. तरी २५६ बाइट वाचायला सेकंदाचा चाळिसावा भागसुद्धा लागत नाही. तेवढ्यात जे कळलं, त्याच्यावर पुढचा सगळा कार्यक्रम चालतो.

आत नेमकं काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. फुल एचडी टीव्हीच्या एडिडमध्ये ५५व्या बाइटपासून बहुतेक वेळा हे आकडे सापडतात: २, ५८, १२८, २४, ११३, ५६, ४५, ६४. पहिले दोन घ्या. ५८ गुणिले २५६, अधिक २, झाले १४,८५०. हा ठिपके पाठवायचा वेग, १० किलोहर्ट्झच्या पटीत लिहिलेला, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. पुढच्या तिन्हींतून रुंदी निघते. ११३ म्हणजे १६ गुणिले ७ अधिक १. त्यातला ७ हा १२८ बरोबर जोडायचा, सात वेळा २५६ अधिक १२८, झाले १९२०. उरलेला १ हा २४ बरोबर, झाले २८०, ही न दिसणारी मोकळी जागा. तसंच पुढं ५६, ४५, ६४ मधून १०८० ओळी आणि ४५ मोकळ्या. मोकळी जागा धरून रुंदी झाली २२०० आणि ओळी ११२५. आता २२०० गुणिले ११२५ गुणिले सेकंदाला ६० करून बघा, बरोबर १४ कोटी ८५ लाख येतात. हिशेब जुळला.

आणि जुळावाच लागतो. १२८ बाइटांची बेरीज २५६ ने पूर्ण भागली गेली पाहिजे असा नियम आहे. वाचताना एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तर बेरीज चुकते आणि वाचणारा बहुतेक वेळा ते एडिड टाकून देतो. मग तो आपल्या मनाचं, सगळ्यांना चालेल असं काहीतरी पाठवतो: बहुधा १०२४ बाय ७६८, कधी थेट ६४० बाय ४८०. फुगलेलं, धुरकट चित्र म्हणतात ते हेच. पॅनलला काही झालेलं नसतं.

मग लाईट गेल्यावरच का?

जुन्या मॉनिटरमध्ये एडिड २४सी०२ नावाच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असायचं. तिला वायरीतून आलेले ५ व्होल्ट पुरायचे, त्यामुळे मॉनिटर बंद असला तरी एडिड वाचता यायचं. आताच्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींत ते मुख्य प्रोसेसरच्या ताब्यात असतं. टीव्ही स्टँडबायला आहे किंवा कंपनीचा लोगो दाखवत बूट होतोय, तोवर विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, किंवा अर्धवट मिळतं. काही टीव्ही तर तो इनपुट निवडल्याशिवाय १९ नंबरची पिन उचलतच नाहीत.

लाईट आली की सगळी उपकरणं एकदम उठतात. स्प्लिटर क्षणात तयार, सेट टॉप बॉक्स थोड्या वेळानं, आणि टीव्ही लाल दिवा लावून रिमोटची वाट बघत बसलेला. पहिल्यानं विचारलं तेव्हा दुसरा झोपेत. खरं तर नंतर टीव्ही उठल्यावर त्यानं १९ नंबरची पिन निदान १०० मिलिसेकंद खाली पाडून वर उचलली की सोर्सनं, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या लॅपटॉपनं किंवा बॉक्सनं, पुन्हा वाचायचं, असा नियम आहे. पण मधला स्वस्त स्प्लिटर ही हालचाल पुढं पोहोचवत नाही. वायर काढून खोचल्यावर सगळं बरं होतं ते यामुळंच. तुम्ही हातानं तीच पिन खाली-वर करता.

खानापूर रोडवरच्या एका कार्यालयातली गोष्ट सांगतो, कारण तिच्यात सगळं एकत्र होतं. स्टेजवरचं शूटिंग आणि फोटो एका लॅपटॉपवरून जेवणाच्या हॉलमध्ये दाखवायचे. लॅपटॉपपासून एकाला चार असा स्प्लिटर. पहिल्या सॉकेटला कोठीघराजवळचा जुना ३२ इंची टीव्ही, दुसऱ्याला हॉलमधला मोठा ४के, तिसऱ्याला प्रोजेक्टर. तिथले मॅनेजर अण्णा वैतागलेले: "अहो, मुहूर्ताच्या आधी तर झकास दिसत होतं की! जनरेटर सुरू झाला नि सगळं बोंबललं. टीव्हीच गेला म्हणायचा काय हो?"

टीव्ही कुठंही गेला नव्हता. जुन्या टीव्हीला खटक्याचं बटण, लाईट आली की तो आपोआप चालू. मोठा टीव्ही आणि प्रोजेक्टर रिमोटची वाट बघत. स्प्लिटरनं विचारलं तेव्हा उत्तर देणारा एकटा जुना टीव्ही, आणि त्यानं सांगितलं १३६० बाय ७६८, आवाज साधा दोन चॅनेल. लॅपटॉपनं आपला डेस्कटॉप तेवढाच करून टाकला, लाइव्हच्या सॉफ्टवेअरची खिडकी अर्धी बाहेर गेली, आणि प्रोजेक्टरवर गबाळं चित्र. पंगतीत एक जण उपासाचा निघाला म्हणून सगळ्यांच्या पानात साबुदाण्याची खिचडी वाढावी, तसला हा कारभार. स्प्लिटर एक तर पहिल्या सॉकेटची नक्कल करतात, नाही तर सगळ्यांना चालेल असं किमान काढतात. दोन्ही पद्धतींत जुन्या टीव्हीचंच चालतं.

हे १३६० कुठून आलं, असं कोणी विचारतंच. पॅनल तर १३६६ चं असतं. एडिडच्या जुन्या, आखूड नोंदींत रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही. म्हणून कितीतरी टीव्ही १३६० सांगतात.

उपाय साधा निघाला. त्या स्प्लिटरच्या मागं बारीक डिप स्विच (सेटिंग ठरवायचे छोटे खटके) होते, त्यांच्याकडं कोणी बघितलंच नव्हतं. ते '१०८०पी, स्टिरिओ' वर टाकले. आता लॅपटॉपनं काहीही विचारलं तरी स्प्लिटर ठरलेलं एकच एडिड देतो, मागं कोण जागं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १०८०पी हे त्या जुन्या टीव्हीसकट तिघांनाही चालतं. स्प्लिटरचा ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला, म्हणजे जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटभरात तो बंदच पडत नाही. त्यानंतर अण्णांची तक्रार आली ती फक्त एसीची.

डिप स्विच नसतील तर हेच काम करणारा, ठरलेलं एडिड देणारा एडिड एम्युलेटर मिळतो. अंगठ्याएवढा, एका बाजूला एचडीएमआयचं खोचायचं टोक, दुसऱ्या बाजूला सॉकेट. तो लॅपटॉपच्या किंवा बॉक्सच्या बाजूला लावायचा, टीव्हीच्या बाजूला नाही. लांब वायरीतली बोलणीच नको म्हणून तर तो घ्यायचा. घेताना १०८०पी चा घ्या. ४के लिहिलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलात, तर लॅपटॉप ४के पाठवायला लागेल आणि जुना टीव्ही काळा पडेल.

तपासणी कशी करायची

आधी मधलं सगळं काढा. लॅपटॉप आणि टीव्ही, मध्ये हातभर वायर, बस्स. इथं चाललं तर टीव्ही निर्दोष आणि दोष मधल्या मंडळींचा. मग एकेक वस्तू परत जोडत जा.

विंडोजच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघडून मॉनिटरखालचं नाव वाचा. 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' दिसलं तर घाबरू नका, एडिड वाचलं गेलंय, फक्त त्या मॉडेलचा खास ड्रायव्हर नाही. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' दिसलं तर एडिड पोहोचलंच नाही. एका शब्दाचा फरक आहे, पण निम्मं निदान तिथंच होतं. वायर न काढता बोलणी परत करून बघायची तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्यानं चित्र सुधारलं तर समजा, पहिल्या वाचनाची वेळ चुकली होती. लिनक्सवाल्यांना एडिड-डिकोड नावाचं साधन बाइट न् बाइट फोडून दाखवतं.

ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांनी क्रम पाळावा. आधी टीव्ही किंवा प्रोजेक्टर, त्याचा इनपुट निवडायचा, मग स्प्लिटर, सगळ्यात शेवटी लॅपटॉप किंवा बॉक्स. सगळे एकाच एक्सटेंशन बोर्डावर असतील तर सोर्सचं बटण वेगळं ठेवा. लाईट गेली की पहिलं ते बंद.

लांब वायर, व्हीजीए आणि पाऊस

शाळांत प्रोजेक्टर छताला आणि टेबल दुसऱ्या टोकाला असतं. वायर लांबली की १५-१६ नंबरच्या तारांवरची खूण बोथट होते, आणि १८ नंबरचे ५ व्होल्ट पोहोचेपर्यंत उतरतात. चित्राच्या जोड्या शाबूत असतात, पण ओळखच पटत नाही म्हणून चित्र नाही. इथं ॲक्टिव्ह (आत सिग्नल सुधारणारी चिप असलेली) किंवा फायबरची वायर लागते, आणि तिला दिशा असते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. छतातून ओढण्याआधी वाचा, नंतर पीओपी फोडावं लागतं.

व्हीजीए या जुन्या जोडणीत हेच काम १२ आणि १५ नंबरच्या पिना करतात, आणि स्वस्त वायरींत त्या जोडलेल्याच नसतात. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी त्याच्या बाजूचं बारीक यूएसबीचं भोक मोबाइलच्या चार्जरला जोडून बघावं. तो कन्व्हर्टर त्याच ५ व्होल्टवर जगतो, आणि त्या पिनेवर फक्त ५५ मिलिॲम्पिअरचीच हमी असते. चित्र मधूनच येतं-जातं ही तक्रार एवढ्यानंसुद्धा मिटते.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने काय असतं ते सांगायला नको. पिनांवर हिरवट थर धरतो. बंद पडलेल्या वायरीच्या टोकाला टॉर्च मारून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पूर्ण सुकू द्या, मग लावा. खडूच्या फडक्यानं पुसू नका.

मेकॅनिकनं बोर्ड बदललेला टीव्ही

हा प्रकार आपल्याकडं फार, आणि याचा कोणी विचार करत नाही. टीव्हीचा मूळ बोर्ड जळाला की मेकॅनिक युनिव्हर्सल बोर्ड बसवतो. टीव्ही चालू होतो, रिमोट नवा, गिऱ्हाईक खूश. पण बोर्डातलं एडिड भलत्याच टीव्हीचं असतं. पॅनल १३६६ चं आणि बोर्ड सांगतो १९२०. ३२ इंची टीव्ही स्वतःची रुंदी १६० सेंटिमीटर सांगतो, म्हणजे जवळपास ७२ इंची. त्यावरून काँप्युटर अक्षरांचा आकार ठरवतो आणि मग डेस्कटॉप विचित्र दिसतो. अनुक्रमांक १,६८,४३,००९ दिसला तर तो खरा नसतो, चारही बाइटांत १ भरून ठेवलेला असतो. मेकॅनिककडं चिपमधली माहिती बदलणारं सीएच३४१ए नावाचं छोटं यंत्र, प्रोग्रामर, असतंच. त्याला योग्य पॅनलचं सॉफ्टवेअर टाकायला सांगा. तो नाही म्हणाला तर लॅपटॉपवर कस्टम रिझोल्युशन युटिलिटी वापरून हव्या त्या रिझोल्युशनची नोंद करता येते, मात्र ती त्या लॅपटॉपपुरतीच.

आणखी काही ठिकाणं

नवा ४के टीव्ही घेतल्यावर जुना सेट टॉप बॉक्स काळा दाखवत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ते चालू केलं की त्या सॉकेटचं एडिडच बदलतं आणि जुन्या बॉक्सला ते झेपत नाही. त्या एका सॉकेटपुरतं बंद करा.

शिवजयंतीच्या चित्ररथांवर एलईडी वॉल असतात, तिथली गंमत वेगळी. ३.९१ पिचची (दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर), अर्धा मीटर चौरस कॅबिनेटची वॉल असेल तर एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ ठिपके. तीन मीटर बाय दोन मीटरची वॉल म्हणजे ७६८ बाय ५१२. पण वॉलचा प्रोसेसर लॅपटॉपला १९२० बाय १०८० सांगतो आणि वरचा डावा कोपरा तेवढा दाखवतो. महाराजांचा जिरेटोप दिसतो, चेहरा नाही. प्रोसेसरमध्ये स्केलिंग असेल तर ते चालू करा, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमधून ७६८ बाय ५१२ चं एडिड टाका. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, ट्रॅक्टरवर चढवल्यावर नाही.

साउंडबार मध्ये जोडला आणि टीव्हीचा आवाज गेला, तर बॉक्सनं साउंडबारचं एडिड वाचून डॉल्बी पाठवायला सुरुवात केलेली असते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम (साधा, न दाबलेला प्रकार) करा.

डेस्कटॉप दिसतो, फोटो दिसतात, पण ओटीटीवरचा सिनेमा लावला की काळं? तिथं एडिडला दोष देऊ नका. ती कॉपीला आळा घालणारी एचडीसीपी आहे. तीही १५-१६ नंबरच्या त्याच तारांवरून बोलते, पण डिप स्विचनं ती सुटत नाही. चित्र चालू असताना पांढरे ठिपके चमकत असतील, मधेच क्षणभर काळं होऊन परत येत असेल, तर ओळख नीट पटलेली आहे आणि चित्राच्या जोड्याच कमजोर आहेत. तिथं मात्र वायरच बदला.